घणाखालच्या तीन चौकटी

बाळारामनं माझ्या डोळ्यांदेखत पहिल्यांदा ज्याला मारलं तो माणूस नव्हता, मोटारसायकल होती.

तळवलीत रस्त्याकडेला पत्र्याच्या गाळ्यांची रांग आहे, तिथं मी नुकताच गाळा घेतला होता. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं आणि गाद्या शिवते. रेक्झिन, फोम आणि दोन मशिनी, एवढा माझा धंदा. त्या दिवशी पाटी लावायला स्टुलावर चढले होते. शेजारचा गाळा बाळारामचा. तिथं टेम्पोच्या बॉड्या बांधायचं काम चाले. लोखंडी चौकोनी पाईपचा गठ्ठा घेऊन एक दलाल आला होता आणि बाळाराम त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"सोला गेजचा हाय बोलतस ना?"

"सोळाच आहे शेठ, आईशप्पत."

बाळारामनं गठ्ठ्यातला एक पाईप उपसला, चार पावलं चालत गेला आणि दलालाच्या मोटारसायकलच्या टाकीवर दोन्ही हातांनी हाणला. "टाकी मोडतंय कं पाईप, बगू." टाकीला वाटीएवढा खड्डा पडला आणि पाईप मधोमध वाकला. "अठराचा हाय, पातल," बाळाराम अगदी शांतपणे म्हणाला आणि तोच वाकडा पाईप त्यानं दलालाच्या नडगीवर फेकून मारला. तो बिचारा लंगडत, गाडी ढकलत पळाला. गठ्ठा न्यायलासुद्धा परत आला नाही.

मग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. "नवीन कं? काय शिवतस?"

"गाद्या."

"बरी जागा हाय," तो म्हणाला आणि आत गेला. मी स्टुलावरच उभी. म्हटलं, शालनबाई, कुठं येऊन पडलीस गं!

त्याला अहो-जाहो करावं असं मला कधी वाटलं नाही. तोंडावर 'शेठ' म्हणायचे, कारण भिंतीला भिंत लावून धंदा करायचा होता. पण आठवण सांगायची तर मी 'तो'च म्हणणार, कुणाला पटो न पटो. आठ वर्षं मी त्याच्या शेजारी काढली. साठीला आलेला, बुटका, मान जवळजवळ नाहीच, खांद्यावर थेट डोकं. खाकी हाफ पँट आणि बनियन, बारा महिने तेच. घणाच्या आवाजानं डावा कान गेलेला, म्हणून बोलणं कायम ओरडून. चहा उकळता असायचा आणि एका घोटात संपायचा. जेवायचा उभ्यानं. टेप खिशात असे, पण मोजायचा वितीनं, आणि मेल्याची वीत टेपपेक्षा बरोबर यायची, हे मला कबूल करावंच लागेल. एकदा माझ्या फोमचा तुकडा नुसता बघून म्हणाला, "ह्या बाजूना अर्धा बोट कमी हाय." मी चिडून मोजला. अर्धा बोट कमी होता.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाणाऱ्या शंभर टेम्पोंतून आपण बांधलेला तो मागून ओळखायचा, रिवेटच्या ओळीवरून. एकदा मी त्याच्याबरोबर वाशीला निघाले होते, तेव्हा सिग्नलला त्यानं असा एक टेम्पो पाहिला. मालकानं वर दुप्पट माल रचला होता आणि बॉडीची एक बाजू फुगली होती. बाळारामनं भर रस्त्यात ड्रायव्हरला कॉलर धरून खाली ओढला आणि चार कानफटात दिल्या. "माज्या पोराच्या पाठीवर एवडा बोजा टाकतस?" मागं हॉर्नचा नुसता कल्लोळ. ड्रायव्हर गाल चोळत मला विचारतो, "मावशी, ह्यांचा पोरगा कुठाय?" आता त्याला काय सांगू!

बांधकामाच्या मालाची निवड करायची त्याची एक पद्धत होती. तशी मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. गिऱ्हाईक आलं की भिंतीचा सांगाडा कशाचा घालायचा, लोखंडी पाईपचा, अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनचा की लाकडाचा, हे तो तोंडानं सांगतच नसे. प्रत्येकाची दोन हात लांबीची एक चौकट बांधायचा, वर पत्रा नाहीतर प्लाय ठोकायचा, तिन्ही चौकटी विटांवर आडव्या ठेवायचा आणि गिऱ्हाईकाच्या हातात घण द्यायचा. "मार." पहिला घाव त्या गाडीत जो बसणार त्याचा, मग दोन घाव बाळारामचे. जी चौकट उरेल तिची बॉडी. त्याचा बाप खाडीवर होड्या बांधायचा. होडीच्या फळीवर पहिला घाव तिच्यात बसून समुद्रात जाणाऱ्यानं घालायचा, अशी त्या बापाची रीत. "बुडनार तो, मंग मारनार बी तोच," बाळाराम सांगायचा. वाशीच्या मार्केटातला एक भाजीचा व्यापारी आला होता. त्यानं घण उचलून हळूच टेकवला, तर हा बोंबलला, "भाजी चिरतस कं? मार!" त्या माणसानं डोळे मिटून मारला आणि स्वतःच विटांवर पडला.

जिंकायचा बहुतेक वेळा लोखंडी पाईप. बाळारामला तेच हवं असायचं. "जे मार खातंय तेच टिकतंय," हे त्याचं पालुपद. दिवसातून दहा वेळा. पत्र्याबद्दल, पाईपबद्दल, माणसांबद्दल. आणि बायकोबद्दलसुद्धा. पहिल्यांदा ते त्याच्या तोंडून बायकोबद्दल ऐकलं तेव्हा माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

त्याची बायको यमुना. मी तिला वहिनी म्हणायचे. रोज दुपारी डबा घेऊन गावातल्या घरून चालत यायची. उजवं मनगट वाकडं होतं, हाड चुकीचं जुळलेलं. बायका विचारलं की सांगतात ना, शिडीवरून पडले, मोरीत पाय घसरला. यमुनावहिनीनं तसं काही सांगितलं नाही. मी विचारलं आणि ती म्हणाली, "त्यानं मोडला."

"का?"

"बहिनीकरं उरनला गेलती, एक रात ऱ्हायली. सांगून गेली नाय."

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तिनं मला हे सांगितलं तोवर ती पुन्हा एक रात्रही बाहेर राहिली नव्हती. गाळ्यात त्याचा आवाज चढला, काही पडल्याचं, आपटल्याचं ऐकू आलं, की मी काय करायची ठाऊक आहे? मशीन जोरात चालवायची. पत्र्याच्या एका भिंतीपलीकडं बाई मार खातेय आणि मी इकडं टेम्पोच्या सीटला दुहेरी शिलाई घालतेय. एकदा म्हटलं तिला, चल चौकीत, मी येते. ती म्हणाली, "लिवून घेतील आन् सांजच्याला मी घरीच जानार ना?" मी परत मशीनवर जाऊन बसले. मला माझी लाज वाटते ती याची.

त्यांना एकच मुलगी, सुगंधा. वाशीला एका ऑफिसात घरांचे नकाशे काढायची. बापाशी बोलणं टाकून तीन वर्षं झाली होती. तिनं जुईनगरला भाड्यानं फ्लॅट घेतला आणि आईला गुपचूप तिथं नेलं. तिसऱ्या दिवशी बाळाराम वॉचमनला विचारून वर पोचला. लाथा घालून दार बिजागरीतून उखडलं आणि बायकोला केसाला धरून दोन जिने खाली आणलं. सोसायटी दारात उभी राहून बघत होती. पुढच्या आठवड्यात घरमालकानं सुगंधालाच घर खाली करायला सांगितलं. टेन्शन नको म्हणाला.

म्हणून सुगंधाच्या डोक्यात गाडा आला. गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, आत दोघींना झोपता येईल एवढंच, लोक हौसेनं बांधतात तसं. सुगंधा माझ्या गाळ्यात बसून मला नकाशा दाखवत होती. "मावशी, घराला पत्ता असतो. पत्ता असला की तो येतो. ह्याला पत्ताच नाही." तिचं काम लॅपटॉपवर कुठूनही होण्यासारखं होतं. जुनी छोटी मोटार होती, आणि गंजलेल्या जनरेटरची एक ट्रॉली तिला कुठूनशी मिळाली होती. पहिला मुक्काम माझ्या भावाच्या अंगणात, कोकणात. गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही.

"मग बांधणार कोण?" मी विचारलं.

"बाबा."

मला वाटलं पोरीचं डोकं फिरलं. पण ती यमुनावहिनीची अट होती. बाळाराम जगातलं काहीही मोडेल, स्वतःच्या हातानं बांधलेलं मोडत नाही. हे खरं होतं, मीही पाहिलं होतं. वीस वर्षांपूर्वीची त्याची एक बॉडी सडून परत आली होती, मालक म्हणाला ठोकून भंगारात काढा. बाळारामनं तिला हातोडा लावला नाही. चार दिवस बसून एकेक बोल्ट सोडवला. "दुसऱ्याकरं बांदलास तं तो हुडकत येल आन् चुरा करल," यमुनावहिनी म्हणाली. "त्याच्या हातचा असला तं हात नाय लावनार." ज्या बाईनं चाळीस वर्षं मार खाल्ला, तिला मारणाऱ्याची नस न् नस माहीत होती.

सुगंधा बापाच्या गाळ्यात आली त्या दिवशी बाळारामनं स्टूल स्वतःच्या बनियननं पुसलं. दोन वेळा. "डोंगरात जाऊन निजायला गाडा? घरात जागा नाय कं?" असं ओरडला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉलीचा गंज घासायला बसला होता. गाडा पोरीच्या भटकंतीचा, असं त्यानं धरलं होतं. कुणी खोडून काढलं नाही. पाच दिवसांत त्यानं तळ बांधला, आठ फूट बाय पाच. वरून पाणी ओतून दाखवलं, एक थेंब खाली उतरला नाही. मीसुद्धा बघत राहिले. एवढं सुबक काम आणि तेच हात! मला त्या हातांचा राग यायचा तो अशा वेळी जास्त यायचा.

भांडण पेटलं ते भिंतींवरून. बाळारामनं रीतीप्रमाणं तीन चौकटी मांडल्या. लोखंडी पाईपची, अ‍ॅल्युमिनियमची, आणि सुगंधानं आणलेल्या पाइनच्या हलक्या पट्ट्यांची.

"हा खोक्याचा लाकूड हाय," तो पाइनला लाथ मारून म्हणाला. "ह्याच्यात आंबे भरतात. मार घण."

"नाही मारणार. चालत्या गाड्याला घण कोण मारतं बाबा?"

"कोन बी मारल!"

"कोण बी नाही. तूच मारशील."

गाळ्यातले वेल्डर काम थांबवून जमिनीकडं बघायला लागले. सुगंधा मागं हटली नाही. ती म्हणाली, गाड्याच्या भिंतीला मार बसत नाही, हादरे बसतात. तासन् तास. पाईपची चौकट वेल्डिंगनं जखडलेली असते, तिला हलायला जागा नाही, ती कोपऱ्यात तडकणार. शिवाय एवढं लोखंड ओढताना माझ्या मोटारीचा क्लच पहिल्याच घाटात जळेल, आणि खाडीच्या हवेत पाईप आतून गंजेल ते वेगळंच.

"माजा वेल्डिंग तडकनार?" बाळारामनं हातातला पाना भिंतीवर भिरकावला. तो माझ्या बाजूला पत्र्यातून टोक काढून अडकला. आजही तिथं भोक आहे.

"तर मग बघू ना," सुगंधा म्हणाली. तिनं तिन्ही चौकटी उचलल्या आणि रोज तळवलीहून वाशी मार्केटला जाणाऱ्या एका टेम्पोच्या टपावर करकचून बांधल्या. प्रत्येकीवर सारख्या वजनाची रेतीची पिशवी. पंधरा दिवस, रोज जाऊन-येऊन, खड्डे आणि स्पीडब्रेकर सगळे खात. ते पंधरा दिवस बाळाराम आनंदात होता. मला म्हणायचा, "कुशनवाली, पोरगी शिकली, पन येडी ऱ्हायली." रोज संध्याकाळी टेम्पो आला की खालूनच बघायचा. हात लावायचा नाही, स्वतःवर एवढा भरवसा.

पंधराव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास चौकटी खाली उतरवल्या. अ‍ॅल्युमिनियमचे रिवेट ढिले होऊन चौकट खुळखुळत होती. पाइनच्या चौकटीचे दोन स्क्रू आवळावे लागले, बस्स. पट्ट्या एकमेकींत खाच मारून, डिंक लावून बसवलेल्या, त्या हलल्या होत्या आणि परत जागेवर आल्या होत्या. बाळारामच्या पाईपच्या चौकटीला दोन कोपऱ्यांत केसाएवढे तडे गेले होते.

तो उकिडवा बसला. तड्यावरून नख फिरवलं. मग दुसऱ्या तड्यावरून. त्याच्या जन्मात त्याचं वेल्डिंग सुटलं नव्हतं, निदान त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मी माझ्या दारात शिवणाची मोठी कात्री घेऊन उभी होते. यमुनावहिनी डबा घेऊन आलेली, ती खांबाला टेकून उभी.

शेवटी तो उठला. हरला तरी रीत सोडायचा नाही असा माणूस. पाइनची चौकट त्यानं विटांवर ठेवली आणि घण उचलला. "कोन निजनार हाय ह्या गाड्यात? पहिला घाव त्याचा."

सुगंधा पुढं होणार, एवढ्यात यमुनावहिनीनं डबा खाली ठेवला. "मी," ती म्हणाली.

त्याला वाटलं डाव्या कानानं चुकीचं ऐकलं. त्यानं मान वळवून उजवा कान पुढं केला. "कोन?"

"मी. मी जानार हाय."

तिनं त्याच्या हातातून घण घेतला. उजव्या हातानं उचलेना, वाकडं मनगट वळेना, म्हणून डाव्यानं उचलला. सगळं अंग वाकवून तो डोक्यावर नेला आणि चौकटीवर आणला. धप्प आवाज झाला. प्लाय खाली दबला, पट्ट्या कण्हल्यासारख्या वाजल्या आणि घण उसळून बाजूला पडला. चौकट तशीच होती. यमुनावहिनी धापा टाकत म्हणाली, "हाच घाल."

मग जे झालं ते सगळं मिळून दोन मिनिटांत झालं असेल. बाळारामनं घण उचलला आणि तिन्ही चौकटींचा चुरा केला. आधी लाकडाची, मग अ‍ॅल्युमिनियमची, मग स्वतःची तडकलेली. हो, स्वतःची पण. ती त्याच्या लेखी आता त्याची राहिली नव्हती. पाइनची एक ढलपी उडून वेल्डरच्या गालात घुसली. तो शिव्या देत होता, बायकोच्या आईबापापासून सुरुवात करून. मग तो ट्रॉलीकडं वळला, तळावर घण उगारला, आणि थांबला. हात वर, दंडाच्या शिरा ताणलेल्या, तोंडातून थुंकी उडतेय, पण घण खाली येईना. स्वतः बांधलेल्या फळ्यांवर त्याचा हात चालेना. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तो गर्रकन फिरला आणि बायकोकडं गेला. लाकडावर हात उचलेना आणि बायकोवर उचलला. आठ वर्षांत माझ्या मनात त्याच्याबद्दल जी काही थोडी माया साठली असेल ती त्या क्षणी संपली.

मी धावले. मी फार शूर आहे असं नाही, पण त्या दिवशी मशीनकडं पळाले नाही एवढंच. मध्ये घुसले तर त्यानं मला एका हातानं असं ढकललं की मी पाईपच्या थप्पीवर कपाळावर आपटले. तीन टाके पडले, खूण आहे अजून. डोळ्यात रक्त उतरत असताना मी बघितलं, यमुनावहिनी खांबाशी पाठ लावून उभी, हलत नव्हती, ओरडत नव्हती, फक्त डबा उचलून छातीशी धरला होता. घण वर गेला. आणि सुगंधानं खाली पडलेला तुटक्या चौकटीतला पाईपचा लांब तुकडा दोन्ही हातांनी बापाच्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. घण त्याच्याच पायाशी पडला.

तो बसला. खाली, सिमेंटवर. मोडलेल्या हाताकडं बघत राहिला. सुगंधा अजून पाईप उगारून उभी होती. "उठलास तर डोक्यात घालीन," ती म्हणाली. तो उठला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, तर म्हणाला, "शिडीवरना पडलू." मी शेजारच्या खाटेवर टाके घालून घेत होते.

यमुनावहिनी त्या दिवसापासून माझ्या घरी राहिली. मला रोज धास्ती, आज येईल, दार फोडेल. तो आला नाही. का आला नाही ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. हात मोडला म्हणून असेल. पोरीची भीती असेल. तो सुधारला असं मात्र कुणी म्हणू नये, मी तर मुळीच म्हणणार नाही.

चार दिवसांनी सुगंधा ट्रॉली उचलून न्यायला गेली. तिच्याबरोबर मीही. बाळाराम गाळ्याबाहेर स्टुलावर, हात प्लास्टरमध्ये. आत पाइनच्या नव्या पट्ट्यांचा भारा पडलेला. सरळ, बिनगाठीच्या, त्यानं एकेक निवडून आणवलेल्या.

"कुठं नेतस?" तो खेकसला. "बायेर कोन बी गाडव खिले ठोकल. हयाच बांद."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. ती बांधायला लागली, पण घण आधी माझ्या गाळ्यात आणून ठेवला. पुढचे अठरा दिवस तो स्टुलावर बसून तिला शिव्या घालत होता आणि शिकवत होता, दोन्ही एकाच वाक्यात. "आगं गाडवे, खाच उलटी मारतस! पट्टीचं पोट बायेर ठेव, पानी लागला तं बायेर फुगल." "तिथं दोन स्क्रू. एकावर फिरल ना ती, तुज्यासारखी." पट्ट्यांना तेल पाजून घेतलं, दोनदा, मध्ये वाळवून. बाहेरून पांढरा पत्रा, आतून उघडं लाकूड. गाद्या मी शिवल्या. एकदाही त्यानं यमुनेचं नाव घेतलं नाही. कुठं जाणार, किती दिवस, काही विचारलं नाही. सुगंधा तो सांगेल तसं करायची. काम चोख होत होतं, त्यामुळं ती शिव्याही ऐकून घ्यायची.

दाराची कडी तिनं दुकानातून आणली होती. ती त्यानं डाव्या हातानं उचलून गटारात फेकली आणि एका मोडक्या टेम्पोचा स्प्रिंगचा पाटा काढायला लावला. त्याचा तुकडा तापवून, वेल्डरला ओरडून ओरडून, दोन दिवसांत त्यानं स्वतः एक कडी घडवली. जाड, बोटाएवढी. ती आतल्या बाजूनं बसवली. आरपार चार बोल्ट घातले, नट आत, आणि बाहेर आलेली बोल्टची डोकी घासून गुळगुळीत केली. "बायेरना पाना लागनार नाय," तो म्हणाला.

निघायचा दिवस. सकाळचे दहा. गाडा मोटारीला जोडला होता. यमुनावहिनी माझ्याबरोबर आली, हातात कपड्यांची एक पिशवी. तीन आठवड्यांत नवरा-बायको पहिल्यांदा समोरासमोर आले. मी दोघांच्या मधोमध उभी राहिले, कात्री या वेळी मुद्दाम घेतली होती.

त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. दाराकडं बघून म्हणाला, "आत जा."

ती आत गेली.

"कडी लाव."

आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"कोन बी आला तरी उघडू नको," तो बंद दाराशी तोंड नेऊन ओरडला. "मी आलू तरी."

मग तो चार पावलं मागं आला आणि धावत जाऊन खांद्यानं दारावर आदळला. सुगंधा किंचाळली. मी त्याचं बनियन मागून ओढलं, ते फाटून माझ्या हातात आलं. तो पुन्हा मागं आला, पुन्हा आदळला. गाडा चाकांवर डुलला, भिंती करकरल्या, वाकल्या आणि परत सरळ झाल्या. तिसऱ्यांदा त्यानं लाथ घातली, सगळ्या ताकदीनं, शिवी हासडून, जुईनगरच्या दाराला घातली असेल तशीच. ओठ फुटून हनुवटीवर रक्त आलं होतं. दार जागचं हललं नाही.

तो धापा टाकत थांबला. हनुवटी पुसली. "बस झाला," तो म्हणाला. "उघड आता."

आतून काही आवाज आला नाही.

"उघड गो. मी बगत होतू, धरतंय कं नाय."

काहीच नाही. त्यानं तळहात दारावर ठेवला, मारला नाही, नुसता ठेवला. "यमुने," तो म्हणाला. तिचं नाव त्याच्या तोंडून मी आठ वर्षांत तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सुगंधानं चाकांखालच्या विटा काढल्या, मोटारीत बसली आणि इंजिन चालू केलं. गाडा हळू निघाला. त्याचा हात दारावरून सरकत सरकत सुटला. पुढं मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्या थांबल्या आणि वहिनी पुढच्या सीटवर जाऊन बसली, हे सुगंधानं मला नंतर फोनवर सांगितलं. तिथवर तिनं कडी काढली नव्हती.

बाळाराम उघड्या अंगानं रस्त्यात उभा होता. मागं वळून माझ्याकडं आला. मला वाटलं आता मला मारतो की काय.

"कडी धरली ना, कुशनवाली?" त्यानं विचारलं.

"धरली," मी म्हटलं.